पिवळ्या साडीची जुळणी

खंडेनवमीच्या दिवशी गंगापूर रस्त्यावरच्या त्या सोसायटीत सकाळपासून पाण्याचे पाइप सुटलेले असत. कोणी कार धूत असे, कोणी सायकल. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप देवापुढे ठेवत. तळमजल्यावरच्या निवृत्त तलाठ्यांकडे हत्यार म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, म्हणून ते नेलकटरला झेंडूचं फूल वाहत. चौथ्या मजल्यावरच्या विराज चांदवडकरचं हत्यार एकच होतं. ते म्हणजे डबा.

डबा म्हणजे घरची हार्ड डिस्क. घरातले फोन, टीव्ही, स्वयंपाकघरातला स्पीकर, दारावरचा कॅमेरा, सगळे वायफायने त्या एका डब्याला जोडलेले. मधल्या काळात लोक आपले फोटो आणि बोलणी दूरच्या कंपन्यांकडे भाड्याने ठेवत. पुढे भाडी परवडेनाशी झाली, काही कंपन्या एकाएकी बंद पडल्या, त्यांच्याबरोबर कित्येकांची लग्नं-बारशी बुडाली, आणि शहाणी माणसं आपलं सामान उचलून घरी घेऊन आली. तेव्हापासून घरोघरी डबा आला. फोनवर कोण काय बोललं हेसुद्धा आता आपसूक डब्यात उतरायचं. नको असेल ते ज्याने त्याने पुसायचं.

बाकीच्या घरांत डबा टीव्हीमागे धूळ खात पडलेला असे. चांदवडकरांकडे त्याला देवघराशेजारचा कोनाडा होता. विराज पंपांच्या कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख. बिघडण्याआधी यंत्राला हात लावायचा, ही त्याची शिस्त. दर खंडेनवमीला तो डबा बंद करी, झाकण काढी, मऊ ब्रशने पंख्याची पाती झाडी आणि हळदीकुंकवाचं बोट फक्त झाकणाला लावी. अक्षता मात्र वर्ज्य. एके वर्षी त्याच्या आईने भक्तिभावाने चिमूटभर तांदूळ उधळले होते आणि पंखा पुढचे आठ दिवस खुळखुळ्यासारखा वाजत होता.

पूजा झाली की डबा सुरू करायचा आणि वर्षाची जुळणी लावायची.

"आज तरी माणसांत बस," शाल्मली म्हणाली. ती पुरणपोळीची कणीक मळत होती. "उद्या दसरा आहे. आंब्याची पानं आणायचीत, तोरण करायचंय."

"जुळणी लावून जातो. ती आपली चालू राहते."

"तुझी नजर हलत नाही ना पण तिच्यावरनं."

हे तिने हसूनच म्हटलं. वीसेक वर्षांच्या संसारात विराजला तिच्या हसण्याचे प्रकार ठाऊक झाले होते, निदान त्याचा तसा समज होता. शाल्मली ध्वनिपुस्तकं वाचायची. नाशकातल्या एका स्टुडिओत काचेआड बसून ती कादंबऱ्या, चरित्रं, लहान मुलांच्या गोष्टी वाचे आणि गावोगावची माणसं भाकऱ्या थापताना, गाडी चालवताना तिचा आवाज ऐकत. त्या आवाजाचा विराजला अभिमान होता. त्या आवाजावर काचेच्या दुसऱ्या बाजूने कान लावून बसणारा पुष्कर मात्र त्याला कधी आवडला नव्हता.

पुष्कर स्टुडिओतला ध्वनियंत्रणेचा माणूस. उंच, मिशाळ, आणि सगळ्यांशी जन्माची ओळख असल्यासारखा बोलणारा. दिंडोरीला त्याच्या भावाची द्राक्षबाग होती. हंगामात तो पेट्या वाटत फिरे. चांदवडकरांच्या टेबलावर द्राक्षांची पेटी आली की विराज म्हणे, "मला आंबट सोसत नाही." मग शाल्मली कामाला गेली की उभ्याउभ्या अर्धी पेटी संपवी. द्राक्षं मुळीच आंबट नसत, आणि त्याचाच त्याला जास्त राग येई.

जुळणी सुरू झाली. पडद्यावर डिस्कचा गोल नकाशा उमटला.

डिस्कमध्ये तबकडी फिरत असते, आणि आपण ठेवलेली गोष्ट तिच्यावर सलग लिहिली जाईलच असं नाही. जिथे जागा मिळेल तिथे तुकडे टाकले जातात: लग्नाचा व्हिडिओ थोडा इकडे, थोडा तिकडे. कोणता तुकडा कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. तुकडे फार विखुरले की वाचणाऱ्या सुईला धावाधाव करावी लागते आणि डबा मंदावतो. म्हणून अधूनमधून ते एकत्र आणायचे, तीच जुळणी. त्यातही तबकडीची बाहेरची कड जास्त वेगाने सुईखालून जाते, तिथलं वाचन झटपट होतं. म्हणून घरातली माणसं जे सारखं सारखं उघडतात ते जुळणी बाहेरच्या कडेला आणून ठेवते आणि विसरलेलं आत ढकलते. नकाशावर बाहेरची कड लालभडक दिसे. चांदवडकरांच्या डब्यात त्या लाल कडेच्या अगदी टोकाला वर्षानुवर्षं एकच फोटो होता. तो कोणता, ते पुढे येईलच.

पुसणं म्हणजे खरं तर पुसणं नसतं. आपण एखादी गोष्ट काढून टाकतो तेव्हा फक्त अनुक्रमणिकेतलं तिचं नाव जातं. तुकडे जिथल्या तिथे पडून राहतात, त्यांच्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. नवं लिहिलं की मात्र जुनं गेलं ते गेलंच, ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही.

यंदा विराजने डब्यात जुळणीची नवी आवृत्ती घातली होती. तिला एक जादा विद्या येत होती: सांधणी. पुसलेल्या गोष्टीचे उरलेसुरले तुकडे ती शोधून काढी आणि मधल्या भोकांत काय असेल याचा अंदाज बांधून तो तिथे भरी. आवाज असेल तर त्याच माणसाच्या आवाजात, फोटो असेल तर त्याच उजेडात. अंदाज कुठून बांधायचा? घरातल्याच सामानातून. त्यातही लाल कडेचं, म्हणजे घरातल्यांनी सर्वांत जास्त हाताळलेलं सामान आधी. आणि समोर बसलेला माणूस कशापाशी थांबतो, काय पुन्हा पुन्हा ऐकतो, काय झटकतो, यावरून ती आपला अंदाज सुधारत जाई. अंदाजाने भरलेल्या जागेखाली ती एक बारीक राखाडी रेघ मारून ठेवी. हे सगळं विराजने वाचलं होतं. सोसायटीत कोणाचा डबा अडला तर लोक त्यालाच बोलवत आणि तो त्यांना हे समजावून सांगे. राखाडी रेघेकडे लक्ष ठेवा, असं तो तलाठ्यांना तीनतीनदा बजावून आला होता.

विराज तोरण लावून परत आला तेव्हा पडद्यावर एक ओळ थांबली होती.

"पुसलेला एक कॉल अर्धवट सापडला. शाल्मली आणि पुष्कर. सांधायचा?"

विराजने स्वयंपाकघराकडे पाहिलं. कुकरची शिट्टी झाली. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि बोट आपोआप 'हो'वर गेलं.

त्याने इअरफोनची बोंडं कानात घातली. आधी नुसती खरखर. मग शाल्मलीचा आवाज, खाली ओढलेला, "...घरी नाही बोलले अजून..." मग खाडकन भोक. "...विराजला कळलं तर..." पुन्हा भोक, आणि मोठा उसासा, तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते कळेना. शेवटी पुष्कर, अगदी सावकाश, "मी आहे ना."

एवढंच. विराजने ते पुन्हा ऐकलं. घरी काय नाही बोलली? विराजला काय कळलं तर? आणि हा कुठल्या नात्याने आहे ना?

"विराज, चव बघ रे पुरणाची!"

पुरण गोड झालं होतं. त्याने "बरंय" म्हटलं. शाल्मलीने त्याच्याकडे जरा बघितलं आणि ती जायफळ किसायला वळली.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सोनं लुटायला माणसं येऊन जात होती आणि दारातली वाटी आपट्याच्या पानांनी भरत होती. साडेसातीसारखा पुष्करही आला. झब्बा, अत्तर, हातात पेढ्यांचा पुडा.

"विराजदादा, सोनं घ्या!" म्हणत त्याने पान हातात दिलं आणि वर कडकडून मिठीही मारली. विराज त्या मिठीत खांबासारखा उभा राहिला.

पुष्कर मग शाल्मलीकडे वळला. पान देताना त्याने एकदम आवाज उतरवून विचारलं, "आता कसं?"

"छान," शाल्मली म्हणाली. "एकदम छान."

आता कसं म्हणजे काय कसं? विराजचा नुसता तिळपापड झाला. या दोन शब्दांची दोघांनी इतक्या सहजपणे देवघेव केली होती की त्यांच्यामागे कितीतरी बोलणं झालेलं असणार. आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या शेजारी उभं राहून आपल्याला त्यातलं काही कळू नये! पुष्करने पुरणपोळी मागून घेतली, वर तूपही मागून घेतलं, आणि जाताना म्हणाला, "वहिनींच्या हाताला काय चव आहे हो, दादा. नशीबवान आहात."

"होय, माहीत आहे मला," विराज म्हणाला.

दार लावल्यावर शाल्मली त्याला म्हणाली, "असा काय बोललास त्याच्याशी?"

"कसा?"

"जाऊ दे."

त्या 'जाऊ दे'तही त्याला काहीतरी लपवल्याचा वास आला. एकदा माणूस वास घ्यायला लागला की त्याला फुलांतही कुबट वास येतो.

मग विराजने सुट्टी टाकली. कारखान्यात सांगितलं, अंगात कणकण आहे. ते अगदीच खोटंही नव्हतं. शाल्मली सकाळी स्टुडिओत गेली की तो कोनाड्यासमोर स्टूल ओढून बसायचा.

पहिल्या खेपेला सांधणीने भोकं भरली ती बेताबेताने. "घरी नाही बोलले अजून, कामाचं काय ठरतं ते बघू." विराजने ते झटकलं. कामाचं बोलणं कोण पुसून टाकतं? दुसऱ्या खेपेला पुष्करच्या वाढदिवसाचा काहीतरी बेत निघाला. तेही झटकलं. तिसऱ्या खेपेला शाल्मलीचा आवाज जरा ओला झाला, आणि तिथे विराज थांबला. मागे नेऊन पुन्हा ऐकलं, परत परत ऐकलं. समोरचं यंत्र शहाणं होतं. गिऱ्हाईक कुठल्या कापडापाशी रेंगाळतंय हे ओळखून दुकानदार त्याच रंगाचे गठ्ठे सोडत जातो, तसं ते पुढचं पुढचं काढून देऊ लागलं.

राखाडी रेघा? त्या होत्या की. पण पडद्यावर उमटणाऱ्या संवादाखाली रेघाच रेघा दिसू लागल्या तेव्हा त्याला त्यांचा त्रास व्हायला लागला. स्वतःशी तो म्हणाला, वाचायला अडथळा होतो. त्याने रेघा लपवल्या. तलाठ्यांनी असं केलं असतं तर त्याने त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं.

शुक्रवारपर्यंत कॉल पुरा झाला. भोक म्हणून कुठे उरलं नाही.

"घरी नाही बोलले अजून. कसं बोलू? तुझ्यापाशी मोकळं वाटतं, पुष्कर."

"आणि तो?"

"तो आपला डबा घेऊन बसतो. विराजला कळलं तर तो डब्यालाच आधी सांगेल."

मग हसणं. नक्की हसणंच.

"पूर्वी असा नव्हता म्हणतेस ना?"

"पूर्वी? गॅदरिंगला मी पिवळी साडी नेसून नाचले होते, तेव्हा तो भाळला माझ्यावर. अजून तेच उगाळतो. त्यानंतरची मी त्याला दिसलेच नाही."

"मी आहे ना."

विराजने कानातली बोंडं काढली. बाकीचं एक वेळ सोसलं असतं. पण पिवळी साडी!

आता लाल कडेवरच्या त्या फोटोबद्दल सांगायला हवं. विराज आणि शाल्मली एकाच कॉलेजात होते, पण ओळख नव्हती. गॅदरिंगला विराज स्वयंसेवक होता. मागच्या रांगेतून त्याने रंगमंचावर एक मुलगी नाचताना पाहिली, पिवळ्या साडीतली, आणि साध्या फोनवर तिचा फोटो काढला. फोटो हलला, चेहरा म्हणजे नुसता उजेडाचा ओघळ. पुढे काही वर्षांनी पेठकरांच्या घरातून स्थळ आलं. ती मुलगी पेठकरांची, एवढं त्याला तेव्हाच कोणीतरी सांगितलं होतं. बघायला गेला आणि शाल्मलीला बघून म्हणाला, "अरे, हीच ती!" सगळं घर हसलं. लग्नात, बारशांत, पाहुण्यांपुढे, दर वाढदिवसाला त्याने ही गोष्ट सांगितली होती. मन खट्टू झालं की तो हळूच तो फोटो उघडे. ती त्या दोघांची गोष्ट होती, त्या डब्यातली सर्वांत जपलेली. आणि तिने ती त्या द्राक्षवाल्यापुढे टिंगल करून सांगितली होती!

मत्सर उसळून वर आला. तरी शिस्त सुटली नाही. अर्धवट काम डब्यात ठेवायचं नाही, ही त्याची सवय. त्याने 'कायम करा' दाबलं. सुई जराशी किरकिरली. सांधलेला कॉल डिस्कवर सलग लिहिला गेला, आणि जुने तुकडे होते त्या जागांवरून नवी ओळ फिरली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने शाल्मलीला बसवलं.

"तुला काही सांगायचंय का मला?"

"कशाबद्दल?"

"पुष्करबद्दल."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते त्याने पाहिलं आणि कॉल लावला, स्वयंपाकघरातल्या मोठ्या स्पीकरवर.

शाल्मली ऐकत राहिली. आधी तिचे कान लाल झाले. मग ती डायनिंगच्या खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून पुढचं ऐकू लागली, स्टुडिओत दुसऱ्या कोणाचं वाचन तपासावं तसं. पिवळ्या साडीपाशी ती म्हणाली, "थांब. हे परत लाव."

त्याने परत लावलं.

"हे मी बोललेले नाही."

"आवाज तुझा आहे."

"आवाज माझाच आहे रे. वाक्य माझं नाही." तिने मान वर केली. "हे मी कोणापुढे बोलूच शकणार नाही. मला ती गोष्ट सांगताच येत नाही. मी त्या दिवशी नाचले नव्हते, विराज."

"म्हणजे?"

"ती मुग्धा होती."

मुग्धा म्हणजे तिची पाठची बहीण. आता बंगळुरूला असते. दर भाऊबीजेला माहेरी येते, पिवळ्या साडीची गोष्ट निघाली की तोंडाला पदर लावते. विराजला वाटायचं, मेहुणी चेष्टेने हसते.

"काहीतरीच," तो म्हणाला.

"मी पिवळं कधी नेसलंय का? कपाट बघ माझं. तू तीन वेळा पिवळी साडी आणलीस मला. एकीची तरी घडी मोडली का मी? तू विचारलंसही नाहीस."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कसं बोलणार? अख्खं घर हसत होतं. तुझं तोंड एवढं फुललं होतं. आई कौतुकाने रडायला लागली. म्हटलं, सांगू नंतर. मग लग्न झालं, मग तू चारचौघांत सांगायला लागलास. प्रत्येक वेळी तू मुग्धाचं वर्णन करायचास आणि मी शेजारी बसून लाजल्यासारखं करायचे." तिचा आवाज चिरकला. "पुष्करचा राग येतो तुला. मी वीस वर्षं माझ्याच सख्ख्या बहिणीवर जळते आहे, ते दिसलं कधी? ती माहेरपणाला आली की मी तुझ्या डोळ्यांकडे बघत असते. ओळखतोस का, म्हणून."

कुठेतरी हात घालायचा म्हणून विराज म्हणाला, "मग खरा कॉल काय होता?"

"माझ्या आवाजात खरखर आली होती. पुष्करने हेडफोनवर ओळखलं. म्हणाला, वहिनी, डॉक्टरांना दाखवा. घशात गाठ निघाली. बारीकच, पण तपासायला पाठवायची होती. मी त्याला सांगत होते की घरी नाही बोलले अजून. विराजला कळलं तर तो माझ्या घशाचं झाकण उघडून ब्रश घेऊन बसेल. तो म्हणाला, चला, मी आहे ना गाडी घेऊन. गाठ साधी निघाली. मी त्या दिवशी इतकी रडले होते त्या कॉलवर, की परत कधी कानावर पडू नये म्हणून पुसून टाकला."

"आता कसं?" असं पुष्करने विचारलं होतं. "छान," असं ती म्हणाली होती. विराजला आठवलं. त्याच वेळी, सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी, त्याच्या पोटात पुन्हा दुखलं. रोज सकाळ-संध्याकाळ तो आवाज त्याच्या घरात बोलत होता. ही खरखर त्याने ऐकली नव्हती. ती काचेपलीकडच्या माणसाने ऐकली.

"डॉक्टरांना फोन लावून विचारायचं असलं तर विचार," शाल्मली उठत म्हणाली. "नंबर देते. पण मग परत माझ्याशी बोलू नकोस. तुला माझं म्हणणं तरी खरं मानता येईल, नाहीतर तो स्पीकर. ठरव तू."

ती बाल्कनीत गेली. दार तिने लावून घेतलं नाही, आपटलंही नाही.

विराज कोनाड्यासमोर जाऊन बसला. सवयीने हात रेघांच्या खुणेवर गेला. रेघा दाखवा. एकही रेघ दिसली नाही. दिसणारच नव्हती. 'कायम करा' म्हटल्यावर खरे तुकडे कोणते आणि भरीचा माल कोणता, हा भेदच पुसला जातो, हे त्याला पाठ होतं. ती जे सांगत होती त्याचा पुरावा त्याने स्वतःच्या बोटाने गाडून टाकला होता. पण पिवळी साडी तिथे आली कशी हे त्याला लख्ख दिसत होतं. यंत्राने भोक भरायला सर्वांत लालभडक सामान उचललं होतं, आणि ते शाल्मलीचं नव्हतंच. ते त्याचं होतं.

त्याने फोटो उघडला. रंगमंच, माळा, पिवळा झोत, चेहऱ्याच्या जागी ओघळ. वीस वर्षं तो त्या ओघळात शाल्मलीला बघत आला होता आणि एकदाही अडखळला नव्हता. खाली ओळ उमटली.

"चेहरा अस्पष्ट आहे. पूर्ण करायचा?"

एका बोटाचं काम. पडद्यावर कोण येईल हेही त्याला ठाऊक होतं. यंत्र त्याला हवी तीच काढून देणार. नाक, डोळे, गालावरची खळी सगळं शाल्मलीचं, पिवळ्या साडीतलं. मग तो बाल्कनीत जाऊन म्हणू शकेल, बघ, तूच आहेस. त्याचं बोट पडद्यापर्यंत गेलं. लालूच फार मोठी होती.

त्याने 'नाही' दाबलं आणि डबा बंद केला. पंखा हळूहळू थांबला.

बाल्कनीत शाल्मली कठड्याला टेकून उभी होती. खालच्या अंगणात तलाठी दसऱ्याचं सुकलेलं तोरण काढत होते. विराज तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांचा नंबर मागायला आलाय, असं तिला वाटत असावं.

"त्या दिवशी तू काय घातलं होतंस?" त्याने विचारलं.

तिने आपल्या बाहीवरून एकदा हात फिरवला.

"राखाडी पंजाबी ड्रेस," मग ती म्हणाली. "मी पडद्यामागे होते, मुग्धाच्या साडीच्या निऱ्या धरायला. बाही खिळ्याला अडकून फाटली. एक स्वयंसेवक तिथून चालला होता. त्याने छातीवरचा बिल्ला काढला, त्याची सेफ्टी पिन मला दिली, आणि बिल्ला खिशात टाकला. मग सरांनी त्याला बिल्ला नाही म्हणून बाहेर काढला. तरी तो काही बोलला नाही."

"कोण होता?"

शाल्मलीने आता त्याच्याकडे बघितलं.

विराज आठवून आठवून दमला. सरांनी बाहेर काढलं होतं, हे अंधुक आठवत होतं; म्हणून तर तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. पण पिन नाही, खिळा नाही, राखाडी बाही नाही. तिथे नुसतं भोक होतं. डब्यात त्यातलं काही नव्हतं, डोक्यातही नव्हतं. ते फक्त हिच्यापाशी होतं, इतकी वर्षं, कुठेही न उतरवलेलं. भोकात काहीतरी भरावं अशी नेहमीची ऊर्मी त्याला आली. त्याने ती येऊ दिली आणि जाऊ दिली.

त्या बिल्लेवाल्या पोराचा मात्र त्याला मनस्वी हेवा वाटला. पुष्करचा वाटला होता त्याहून जास्त.

"कसा होता गं तो?" विराजने विचारलं.

"बरा होता," शाल्मली म्हणाली. "बघून बोलत होता माझ्याकडे."